सासऱ्यांसाठी बारीक तंगूस

माणसाच्या आयुष्यात दोऱ्या येतच राहतात. लहानपणी पतंगाचा मांजा येतो, मुंजीत जानवं येतं, पायजम्याची नाडी तर जन्मभर साथ देते. या सगळ्यांशी माझे संबंध बरे होते. पण चाळिशी उलटल्यावर, कुवेतमध्ये, मासा न खाणाऱ्या माझ्यासारख्या माणसाने मासे पकडायच्या दोरीपायी रात्रीची झोप घालवावी, हे कुठल्याही ज्योतिषाने सांगितलं नव्हतं. माझ्या आईने माझी पत्रिका तिघांना दाखवली होती. तिघांनीही फक्त पाण्यापासून जपा, एवढंच सांगितलं होतं.

मी गुरुप्रसाद. मूळचा नाशिकचा. फहाहीलला राहतो आणि एका पेट्रोकेमिकल कंपनीत इन्स्पेक्शन इंजिनियर आहे. म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तूंवर अविश्वास दाखवण्याचा मला पगार मिळतो. घरात तो मी फुकट दाखवतो, असं माझी बायको चारुशीला म्हणते. ती वेंगुर्ल्याची. मासे ती खाते, मी खात नाही, आणि या एका विषयावर आमच्या घरात लग्नापासून युद्धबंदी आहे.

हे सगळं सुरू झालं माझ्या सासऱ्यांमुळे. जगन्नाथराव वेंगुर्ल्याच्या एस.टी. स्टँडवर कंट्रोलर होते. 'सावंतवाडीमार्गे बेळगावला जाणारी गाडी' असं कर्ण्यावरून जन्मभर ओरडून त्यांच्या वाट्याचे शब्द संपले असावेत, कारण एरवी ते बोलत नसत. दर शुक्रवारी आम्ही फोन करायचो. ते मला "बरां असा मां?" विचारायचे, मी "हो" म्हणायचो, ते "बरां" म्हणायचे आणि फोन सासूबाईंकडे द्यायचे. मग २००४ साली सासूबाई गेल्या. त्यानंतर "बरां" म्हणून झालं की फोन द्यायला कुणी उरलं नाही, आणि ते रिसीव्हर तसाच कानाला धरून बसायचे. इकडे मी बसायचो. चारुशीला डोळे पुसत स्वयंपाकघरात जायची.

"बाबा, इकडे या ना," ती दर वेळी म्हणायची.

"थंय येवन करू काय?" ते विचारायचे. त्या एवढ्या घरात ते एकटे बसलेले आहेत, या विचाराने तिला जेवण जाईना. मलाही फार वाईट वाटायचं.

अशाच एका शुक्रवारी मी त्या शांततेत घुसलो. म्हणालो, "बाबा, इथे समुद्र आहे. अगदी घराजवळ."

"असा?" ते म्हणाले. "मगे तुमी काय करतास तेचा?"

आता पाहा. माणूस पंधरा वर्षं समुद्रापासून चार पावलांवर राहतो आणि त्याला कोणी विचारतं की तुम्ही त्याचं काय करता. त्याच्या काठाने मी रोज गाडी चालवतो, हे काही उत्तर नाही. माझा स्वाभिमान दुखावला आणि मी म्हणालो, "गरवतो."

गरवणं म्हणजे गळ टाकून मासे पकडणं. हा शब्द मला चारुशीलाकडून मिळाला होता. स्वयंपाकघरात पळी थांबल्याचा आवाज आला.

"तंगूस खयचो वापरतास?" तिकडून आवाज आला. तंगूस म्हणजे गळाची नायलॉनची दोरी. हाही शब्द मला माहीत होता, पण त्याला जाती-पोटजाती असतात याची कल्पना नव्हती.

"चांगला," मी म्हणालो.

"जाडो काय बारीक?"

"मध्यम."

"मध्यम?" ते म्हणाले. चोरीचा माल घरात सापडल्यावर जसा आवाज निघतो तसा तो होता. "मध्यमान काय गावतला? बारीक व्हयो. जाडो माशाक दिसता." मग म्हणाले, "बरां. येतंय मियां."

फोन ठेवल्यावर चारुशीला बाहेर आली. "तुम्ही गरवता? परवा बाजारात कोळंबी बघून नाकाला रुमाल लावलात."

नववीतली आमची शर्वरी पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणाली, "बाबा, यू आर स्केअर्ड ऑफ द गोल्डफिश इन स्कूल."

"पण ते येतायत," मी म्हणालो.

चारुशीलाने माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते. "येतायत ना? मग आता गरवा," ती म्हणाली.

माझ्या पेशात माणूस कुठलंही काम हातात घेण्याआधी माहिती गोळा करतो. मी ती इंटरनेटवर केली आणि फसलो. अमेरिकेत बास नावाचा एक मासा आहे. तो अतिशय चौकस. दोरी दिसली की तोंड फिरवून निघून जातो. त्याच्यासाठी तिकडे नाजूक हाताच्या मासेमारीचं एक शास्त्रच आहे: बारीक दोरी, गळ बुडवायला हलकं शिसं, हळू हात. या शास्त्रात तीन पंथ आहेत. पहिला साध्या नायलॉनचा. दुसरा वेणी घातलेल्या दोरीचा. तिसरा फ्लुरोकार्बनचा, जो पाण्यात दिसतच नाही. हे तीन पंथ एकमेकांचा जो उद्धार करतात, तो वाचून मला इथल्या आमच्या मराठी मंडळाच्या वार्षिक सभेची आठवण झाली. बास कुवेतच्या समुद्रात सापडत नाही, हे मला तिसऱ्या आठवड्यात कळलं. पण तोपर्यंत माझी मतं बनली होती.

मतं बनली की सल्लागार येतात. खालच्या मजल्यावर यूसुफभाई राहतो. तो रत्नागिरीचा आणि आमच्याच कंपनीच्या लॅबचा प्रमुख. "गुरूभाई, बारीक-बिरीक काय करतोस?" तो म्हणाला. "इथे हामूर लागतो, हामूर! बारीक दोरीला लागला तर तो तुलाच आत घेऊन जाईल. वेणीवाली घे." समोरच्या फ्लॅटमधले डॉक्टर चंद्रहास मूळचे लातूरचे, इथल्या इस्पितळात सर्जन. त्यांचं म्हणणं, जगातली सर्वोत्तम बारीक दोरी त्यांच्याकडेच आहे. "टाक्यांचा धागा, गुरुप्रसादराव! नायलॉनच की. माणसाचं पोट धरून ठेवतंय, मासा काय चीज आहे?" धाग्याला सुई जोडलेलीच येते, ही त्यांच्या मते जादाची सोय होती.

मी दोघांनाही नाराज न करता फहाहीलच्या बाजारातून जाड नायलॉनचं एक रीळ आणि वेणीच्या दोरीचं एक रीळ आणलं, आणि फ्लुरोकार्बन अमेरिकेहून मागवला.

तो विमानतळाच्या कस्टममध्ये अडकला. पाकिटावर काय आहे हे लिहिलेलं होतं, पण तिथल्या दोन अधिकाऱ्यांचं एकमत होईना. एकाच्या मते ती वायर होती, म्हणून तिला वेगळा शिक्का लागणार. दुसऱ्याच्या मते ते मासेमारीचं साहित्य होतं, म्हणून त्याला आणखी वेगळा. मी दोन्ही खिडक्यांवर जाऊन आलो. दोन्हीकडे मला अतिशय आदराने चहा मिळाला आणि 'बुकरा' म्हणजे उद्या या, असं सांगण्यात आलं. मी गेलो. पुन्हा चहा. शेवटी एका वयस्क अधिकाऱ्याने पाकीट फोडलं, रीळ उजेडासमोर धरलं आणि विचारलं, "यात आहे काय?"

"दोरी आहे. पाण्यात दिसत नाही."

"पाण्याबाहेर तरी कुठे दिसतेय?" त्याने टोक शोधलं. सापडेना. मीही शोधलं. आम्ही दोघांनी मिळून शोधलं. "मग तुला कसं कळणार की तू ती बांधलीस?" त्याने विचारलं. हा प्रश्न कुठल्याही अमेरिकन लेखात नव्हता. त्याला माझी दया आली असावी. त्याने शिक्का मारला आणि मनापासून म्हणाला, "अल्लाह तुला मासा देवो."

याच सुमारास सासरे आले. अंगात पांढरा शर्ट, हातात एक बॅग आणि खांद्याला एक जुनी कापडी पिशवी. चारुशीलाने ती पिशवी पाहिली आणि तिला रडूच फुटलं. आईची पिशवी ती. सासू-सासरे दर रविवारी ही पिशवी घेऊन खाडीवर जायचे, हे मी ऐकून होतो. "फाटलीय हो बाबा, शिवून देते," ती म्हणाली. सासरे पिशवी घट्ट धरून म्हणाले, "नको. असा तशी रवांदे."

मग त्यांनी मला सांगितलं, "एकदा गरवतंय आणि जातंय." परतीचं तिकीट त्यांनी येतानाच काढून आणलं होतं. दिवाळीनंतरच्या बुधवारचं.

म्हणजे आता सगळं एका माशावर येऊन ठेपलं. सासऱ्यांचं मन इथे रमलं तर ते थांबतील. नाही रमलं, किंवा जावई थापाड्या निघाला, तर ते बुधवारी त्या रिकाम्या घरात परत. चारुशीला मला काही बोलली नाही. पण रोज सकाळी डबा हातात देताना माझ्याकडे अशी पाहायची की मी लिफ्टची वाट न पाहता जिन्यानेच खाली पळायचो.

अशा वेळी दुसरा कोणी रीळ उचलून समुद्रावर गेला असता. पण मी इन्स्पेक्शनचा माणूस. पाकिटावर छापलेल्या ताकदीवर मी विश्वास ठेवला, आणि ऐन वेळी दोरी तुटली तर? आमच्या प्लांटमध्ये साधा बोल्टसुद्धा चाचणीशिवाय आत येत नाही, मग सासऱ्यांच्या बाबतीत हयगय कशी करायची? मी फ्लुरोकार्बनचं रीळ यूसुफभाईच्या लॅबमध्ये नेऊन दिलं. कोरडी ओढून बघ, ओली ओढून बघ, गाठ मारून बघ, उन्हात ठेवून बघ.

"नमुना किती घेऊ?" त्याने विचारलं. "नेहमीसारखा थोडासा?"

"थोडासा नाही," मी छाती काढून म्हणालो. "शंभर टक्के तपासणी. मला मनात शंका नको."

यूसुफभाई माझ्याकडे क्षणभर बघत राहिला. पण इन्स्पेक्शनने सांगितलेलं लॅबने करायचं, असा आमच्याकडे शिरस्ता आहे.

चाचणीसाठी मी फहाहीलच्या किनाऱ्यावरून बाटलीत समुद्राचं पाणी आणून फ्रिजमध्ये ठेवलं होतं. ते डॉक्टर चंद्रहासांनी गार पाणी समजून प्यायलं आणि दोन दिवस आमच्याकडे आले नाहीत. जाड नायलॉनचं रीळ चारुशीलाने गॅलरीत कपडे वाळत घालायला लावलं. वेणीची दोरी मंडळाने दिवाळीच्या आकाशकंदिलांसाठी मागून नेली. मी दिली. हॉलमध्ये कंदिलांची माळ ओढून बांधताना दोरी तुटली नाही, छताचा तुकडा तुटला. तो अध्यक्षांच्या खुर्चीवर पडला. अध्यक्ष नशिबाने भाषणाला उठले होते. "बघ," यूसुफभाई मला अभिमानाने म्हणाला, "सांगत होतो की नाही?"

सासरे रोज गॅलरीत, वाळत घातलेल्या कपड्यांखाली बसायचे. एकदा त्यांनी दोरीला बोट लावून पाहिलं. "ह्यो तंगूस?"

"जाड आहे. कपड्यांसाठी," मी घाईने म्हणालो.

"तांच म्हटलां," ते म्हणाले. त्या दोन शब्दांत मला एका जाणकाराचा तिरस्कार ऐकू आला. मी आणखी घाबरलो. आज वारा आहे, उद्या भरती बरोबर नाही, अशी कारणं सांगत मी लॅबच्या निकालाची वाट पाहत राहिलो.

बुधवारच्या आधीच्या गुरुवारी रीळ आलं. लॅबच्या पिशवीत, चारी बाजूंनी पट्टी लावून, शिक्का मारून. यूसुफभाई सुट्टीवर रत्नागिरीला निघाला होता, त्याने ते ड्रायव्हरबरोबर पाठवलं होतं. मी ते उघडलं नाही. लॅबचा शिक्का जागेवर पोचल्याशिवाय फोडायचा नाही, हीच आमची पद्धत.

शुक्रवारी सकाळी आम्ही खैरानच्या समुद्रावर गेलो. आम्ही चौघं आणि डॉक्टर चंद्रहास, ज्यांचा राग आता गेला होता. समुद्र शांत होता. ऊन कोवळं होतं तरी सासऱ्यांसाठी सावली हवी म्हणून चारुशीलाने चादर आणली होती आणि ती बांधायला गॅलरीतली दोरी सोडून आणली होती. दोरीवर अजून दोन चिमटे होते. मी खडकावर उभं राहून गळ, शिसं आणि रुमालात गुंडाळलेली कोळंबी मांडली. मग सासऱ्यांसमोर ती पिशवी धरली.

"बाबा, हा बारीक. अमेरिकेचा. पाण्यात दिसत नाही. पूर्ण तपासलेला."

मी शिक्का फोडला. रीळ बाहेर काढलं. टोक शोधू लागलो. सापडेना. कस्टमच्या त्या म्हाताऱ्याची आठवण झाली आणि मी हसून म्हणालो, "दिसतच नाही, इतका बारीक."

शर्वरीने रीळ माझ्या हातातून घेतलं, त्यातून बोट आरपार फिरवलं. "बाबा, देअर इज नथिंग हिअर."

खरंच काही नव्हतं. रिकामी प्लास्टिकची चकती. सोबत लॅबचं टॅग: तपासणी शंभर टक्के, निकाल उत्तम. मी यूसुफभाईला रत्नागिरीला फोन लावला.

"अरे, ओढून तोडल्याशिवाय ताकद कशी कळणार?" तो म्हणाला. "आणि तूच म्हणालास, शंभर टक्के. सगळी तोडली. एक नंबर दोरी होती, गुरूभाई. असली दोरी मी पाहिली नाही."

माझ्या नोकरीत मी कित्येकांना असल्या चुकांवरून लांबलचक मेमो दिले आहेत. स्वतःला द्यायची सोय नव्हती. मी खडकावर बसलो. मान खाली. बुधवार डोळ्यांसमोर दिसत होता, विमानतळ दिसत होता, चारुशीलाचा चेहरा दिसत होता. तरी शेवटचा प्रयत्न म्हणून म्हणालो, "बाबा, आता तुम्हीच सांगा काय करायचं. तुमचा अनुभव मोठा."

"माझो?" सासरे म्हणाले.

त्यांनी समुद्राकडे पाहिलं. मांडीवरची पिशवी सारखी केली. "माका खय येता गरवूक," ते म्हणाले. "ती गरवी. मियां पिशवी धरी."

डॉक्टरांनी तोंडातला चिवडा चावायचा थांबवला.

"तंगूस घेवक गेलो काय ती दुकानदाराक सांगी, बारीक व्हयो, जाडो माशाक दिसता," सासरे सांगत होते. इतकी वाक्यं सलग मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. "तितक्याच माका म्हायत. तुमी फोनार म्हटलास गरवतंय, तेवा म्हटलां, खय तरी कोण तरी गरवणारो असा. जावन बाजूक बसाया."

मी चारुशीलाकडे वळलो. "तुला माहीत होतं?"

"सगळ्या वेंगुर्ल्याला माहीत आहे. आईच गरवायची."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर बाबा आले असते? आणि तुम्ही तरी कधी विचारलंत?" ती उठली. तिने चादर बांधलेली दोरी सोडली, चिमटे काढून शर्वरीच्या हातात दिले. "डॉक्टर, तुमचा तो धागा आणलाय का?"

डॉक्टरांनी खिशातून पाकीट काढलं. हा माणूस सहलीलाही टाक्यांचे धागे घेऊन येतो, यावर मी पूर्वी फार हसलो आहे. जाड दोरीच्या टोकाला त्यांनी आपला बारीक धागा अशी गाठ मारून जोडला की ती ओढून पाहायचा मोह मी मोठ्या कष्टाने आवरला. सुई काढून तिथे गळ बांधला. चारुशीलाने कोळंबी लावली, पदर खोचला आणि हाताने दोरी भिरकावली. तिच्या आईने तिला हे कधी शिकवलं, मला माहीत नाही. लग्नाला सोळा वर्षं झाली होती आणि मी या बाईला असं उभं राहिलेलं पहिल्यांदाच पाहत होतो.

सासरे तिच्या बाजूला जाऊन बसले. पिशवीचं तोंड उघडून. 

बऱ्याच वेळाने तिचं बोट हललं. दोरी ताणली गेली. तिने घाई केली नाही, हळूहळू हात मागे घेतला आणि पाण्यातून एक चंदेरी, पिवळसर परांचा मासा वर आला. इकडे त्याला शेम म्हणतात. मोठा नव्हता. पण सासरे ताडकन उभे राहिले आणि जन्मभराच्या सवयीच्या आवाजात ओरडले, "मासो गावलो!" खैरानच्या किनाऱ्यावरची सगळी माणसं माना वळवून बघू लागली. फलाट सोडून बस निघाली असती, इतका तो आवाज मोठा होता.

मासा पिशवीत पडला. सासऱ्यांनी पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "जावयबापू, धरा," ते म्हणाले.

मी धरली. खरं सांगतो, कंपनीने बढती दिली तेव्हा मला इतकं बरं वाटलं नव्हतं. शाकाहारी माणूस, हातात जिवंत मासा असलेली पिशवी, आणि नाकाला रुमाल नाही. मी ती उंच करून शर्वरीला दाखवली. तेवढ्यात पिशवी एकदम हलकी झाली. खाली पाण्यात डुबुक असा आवाज आला.

बोल्टपासून बॉयलरपर्यंत सगळं तपासणाऱ्या माणसाने पिशवीचा तळ तपासला नव्हता. चारुशीलाने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, फाटलीय. मी भोकातून समुद्र पाहत उभा राहिलो. वर बघायची हिंमत होईना. मला वाटलं, आता बुधवार नक्की.

सासरे वाकून पाण्यात बघत होते. त्यांचे खांदे हलत होते. ते हसत होते. चारुशीला त्यांच्याकडे पाहत राहिली, कारण आई गेल्यापासून तिने त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

"गेलो," ते म्हणाले. "जावंदे. फुडच्या शुक्रवारी येवन परत धरूचो लागतलो."

"पण बाबा, तुमचं बुधवारचं तिकीट..." मी म्हणालो. चारुशीलाने माझ्या पायावर पाय दिला.

"फुडे ढकला," सासरे म्हणाले. "मासो हयच असा. सोडून कसो जातंय?"

डॉक्टर चंद्रहासांनी माझ्या हातातून पिशवी घेतली, चादरीवर मांडी घालून बसले आणि उरलेल्या धाग्याने तळाला टाके घालू लागले. या वेळी सासरे नको म्हणाले नाहीत. ते डॉक्टरांच्या हाताकडे बारकाईने पाहत होते. मग त्यांनी मला विचारलं, "तंगूस कसो असा?"

या वेळी मी चुकलो नाही.

"बारीक," मी म्हणालो.